नगरच्या फॅरारबाई

ज्या विद्यापीठाशीं आमचें महाविद्यालय संलग्न आहे, त्यास २०१४ सालीं सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. तेव्हांपासून आमच्या विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर त्या थोर शिक्षिकेचें नांव छापलेलें असतें. आणि दरवर्षीं ३ जानेवारीस, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशीं, आमच्या सभागृहांत तसबिरीस हार घातला जातो, भाषणें होतात, व मंडळी चहा घेऊन घरोघर जातात. गेल्या जानेवारींत अशीच सभा आटोपल्यावर आम्हीं इतिहासाच्या वर्गांत सहज प्रश्न केला, "सावित्रीबाईंना कोणीं शिकविलें?" "जोतीरावांनीं," असें उत्तर एकमुखानें आलें. तें खरेंच आहे. "आणि शाळा कशी चालवावी, हें त्या कोठें शिकल्या?" या प्रश्नाला वर्ग गप्प झाला. मग मागल्या बाकावरील एक मुलगी भीतभीत म्हणाली, "नगरला कोणी मडम होती ना, सर?"

कोणी मडम! वर्ग हंसला, आम्हांस मात्र लाज वाटली. कारण तीस वर्षें आम्ही इतिहास शिकवीत आहों, आणि त्या मडमेचें नांव आमच्या तोंडून वर्गांत एकदांही निघालें नव्हतें. आम्हांस तें ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक असून निघालें नाहीं, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्या विचारांतूनच हा लेख झाला आहे.

मिस सिंथिया फॅरार यांचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजीं अमेरिकेंतील न्यू हँपशायर प्रांतांत मार्लबरो नांवाच्या गांवीं झाला. त्याच्या आदल्याच महिन्यांत इकडे खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला होता. तें खर्डें नगर जिल्ह्यांतच आहे, आणि त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरीं या बाईंचा देह पडावयाचा होता. पण पेशवाईच्या त्या शेवटल्या विजयाची वार्ता जशी मार्लबरोस पोंचली नसेल, तशीच तेथल्या एका घरीं मुलगी झाल्याची वार्ताही इकडे कोणास असण्याचें कारण नव्हतें.

वयांत आल्यावर बाई आपल्याच मुलखांत शिक्षिकेचें काम करूं लागल्या. परदेशांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठीं अमेरिकेंत १८१० सालीं एक मंडळ स्थापन झालें होतें. त्याचे पहिले उपदेशक १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि त्यांच्या कामास पुढें ‘अमेरिकन मराठी मिशन’ हें नांव पडलें. या मंडळाच्या योजनेंत स्त्रियांना स्थान होतें, पण तें उपदेशकाची पत्नी म्हणून. मुंबईंतील मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यास स्वतंत्र शिक्षिका हवी, अशी मागणी तिकडे गेली, तेव्हां मंडळानें फॅरारबाईंची निवड केली. अविवाहित स्त्रीस हिंदुस्थानांत धाडण्याचा त्या मंडळाचा हा पहिलाच प्रसंग होता. १८२७ च्या जूनांत बोस्टनहून जहाज सुटलें. सुएझच्या कालव्यास तेव्हां अजून ४२ वर्षें अवकाश होता. आफ्रिकेस वळसा घालून कलकत्ता, व तेथून मुंबई, असा तो प्रवास झाला. २९ डिसेंबर १८२७ रोजीं बाईंनीं मुंबईच्या धक्क्यावर पाऊल ठेविलें, तेव्हां त्यांचें वय ३२ वर्षांचें होतें.

त्या काळीं या देशांत येणाऱ्या उपदेशकांस आयुष्याचा भरंवसा कितपत होता, हें मिशनच्या इतिहासांत ओळीनें नोंदलेल्या मृत्यूंवरून दिसतें. सॅम्युएल न्यूवेल १८२१ सालीं मुंबईस पटकीनें वारले. ज्यांनीं या मिशनाचा पाया घातला, ते गॉर्डन हॉल १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस प्रवासांत त्याच रोगास बळी पडले. छापखाना चालविणारे गॅरेट १८३१ सालीं गेले. नगरचें ठाणें १८३१ च्या अखेरीस उघडलें, आणि तें उघडणाऱ्यांपैकीं हार्वी यांस दुसऱ्याच वर्षीं तेथें मूठमाती द्यावी लागली. बहुतेक सर्व ऐन तारुण्यांतलीं माणसें. या मंडळींत फॅरारबाईंनीं ६६ वर्षांचें आयुष्य भोगलें. हल्लींच्या मानानें हें वय फार नव्हे, पण त्यांच्या सोबत्यांच्या मानानें तें खरोखर वार्धक्य होतें.

मुंबईंत या मिशननें मुलींची पहिली शाळा १८२४ सालीं काढली होती. शाळा म्हणजे काय, तर भाड्यानें घेतलेली एखादी खोली, पगारी नेमलेला एक पंतोजी, आणि आज आलेली मुलगी उद्यां येईलच अशी खात्री नसलेला वर्ग. वाचन, लेखन, हिशेब, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी, एवढा अभ्यासक्रम. मुलगी अक्षरें जुळवूं लागते न लागते तोंच तिचें लग्न ठरावें आणि तिनें पाटी टाकून सासरचा उंबरठा ओलांडावा, हा नेहमींचा क्रम. अशा अनेक शाळांवर देखरेख करणें, पंतोजीस सांभाळणें, परीक्षा घेणें, गैरहजर मुलींची विचारपूस करणें हें बाईंचें नित्याचें काम होतें.

तें सर्व मराठींतून करावयाचें. आणि बाई मराठी शिकूं लागल्या त्या वेळीं मोल्सवर्थचा कोश निघालेला नव्हता. तो १८३१ सालीं छापून झाला. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें, आणि बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ चें. आज ज्या साधनांवांचून परक्या माणसानें आमची भाषा शिकणें आम्हांस अशक्य वाटतें, त्यांपैकीं बहुतेक बाईंच्या येण्यानंतरचीं आहेत. त्या पिढीला भाषा पुस्तकांतून कमी व माणसांच्या तोंडून अधिक शिकावी लागली.

लोकांचा या शाळांना विरोध होता, हें सर्वांस माहीत आहे. परंतु त्या विरोधाविषयीं बोलतांना आमच्या पूर्वजांना केवळ अडाणी ठरवून मोकळें होण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. मिशनच्या शाळेंत मुलांस घातलें तर तीं धर्मांतर करतील, ही भीति अगदींच निराधार नव्हती. १८३९ सालीं मुंबईंत डॉक्टर विल्सन यांनीं दोन पारशी तरुणांस बाप्तिस्मा दिला, तेव्हां त्यांच्या शाळेंतून आईबापांनीं मुलें भराभर काढून घेतलीं. १८४३ सालच्या श्रीपत शेषाद्रि प्रकरणानें सारें शहर ढवळून निघालें. फॅरारबाई ज्या मंडळाच्या होत्या, त्याचा हेतु त्यानें कधीं लपविला नव्हता. त्यांच्या दृष्टीनें लिहिणें-वाचणें हें शास्त्र वाचण्याचें साधन होतें. मुलींनीं ख्रिस्ती व्हावें, असें त्यांना मनापासून वाटे. हें नाकारून त्यांची स्तुति करणें म्हणजे त्यांचा खरा चेहरा पुसून त्या जागीं आपल्या सोयीचा दुसरा रंगविणें होय.

दहा वर्षें मुंबईंत काढल्यावर त्यांची प्रकृति ढांसळली, आणि १८३७ सालीं त्या अमेरिकेस परतल्या. त्यांची कहाणी येथेंच संपती तरी कोणी त्यांना नांवें ठेविलीं नसतीं. वय ४२, शरीर थकलेलें, मागें दहा वर्षांचें प्रामाणिक काम. स्वदेशीं कोठेंही शिक्षिकेची जागा मिळून उरलें आयुष्य स्वजनांत गेलें असतें. पण १८३९ सालीं त्या पुनः इकडे आल्या, आणि या खेपेस त्यांनीं मुंबईहून अहमदनगर गांठलें. आमच्या मतें त्यांच्या चरित्राचा कस येथें लागतो. पहिल्या खेपेस माणूस अज्ञाताकडे जात असतो, आणि अज्ञाताला स्वतःचेंच एक तेज असतें. दुसऱ्या खेपेस उन्हाळा, पटकी, रिकामे बांक आणि सोबत्यांच्या कबरी या साऱ्यांची ओळख झालेली असते. ती ओळख असतांना जो परततो, त्याच्या निष्ठेविषयीं वादास जागा राहत नाहीं.

नगर, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर हें अधिकृत नांव आहे, तें निजामशाहीचें जुनें शहर. रेल्वे तेथें बाईंच्या हयातींत आलीच नाहीं. तेथें त्यांनीं आयुष्याचीं उरलेलीं २२ वर्षें मुली शिकविण्यांत घालविलीं. या २२ वर्षांत सांगण्यासारखें नाट्य फारसें नाहीं. त्यांनीं राज्यें पालटलीं नाहींत, कीं कोणते मोठे ग्रंथ त्यांच्या नांवावर गाजले नाहींत. शाळा भरली, सुटली, पुनः भरली. शिक्षकाचें आयुष्य बहुधा असेंच असतें, आणि म्हणूनच इतिहासकारास तें हातीं लागत नाहीं. तें दिसूं लागतें तें दुसऱ्याच्या आयुष्यांत.

फॅरारबाईंच्या बाबतींत तें ज्यांच्या आयुष्यांत दिसलें, तीं माणसें नगरचीं नव्हतीं. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. सदाशिव बल्लाळ गोवंडे या मित्राच्या संगतीनें ते नगरास गेले, आणि तेथें बाईंच्या देखरेखीखालीं चाललेल्या मुलींच्या शाळा त्यांनीं पाहिल्या, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत जोतीरावांची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीं नगरास फॅरारबाईंच्या व पुण्यास मिचेलबाईंच्या हाताखालीं शिक्षिकेचे धडे घेतले, हेंही चरित्रग्रंथांत नमूद आहे.

जोतीरावांनीं त्या शाळा ‘पाहिल्या’, या शब्दावर वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. स्त्रीशिक्षणाच्या पक्षाचीं वचनें ग्रंथांत हवीं तितकीं सांपडतात. गार्गी-मैत्रेयींचीं नांवें तर वादाच्या प्रत्येक सभेंत घेतलीं जात. पण ‘आपल्या मुलींना हें जमणार नाहीं’ या मताचें खंडन वचनांनीं होत नाहीं. पाट्या घेऊन ओळीनें बसलेल्या, मराठी बोलणाऱ्या, याच मातींतल्या मुलींकडे एकदां पाहिलें म्हणजे तें आपोआप होतें. बाईंनीं जोतीरावांस कोणतें नवें मत दिलें असें आम्हांस वाटत नाहीं. मत त्यांचें स्वतःचेंच होतें. बाईंच्या शाळेनें त्या मतास पुरावा दिला.

आणि फुले दांपत्यानें काय घेतलें याबरोबर काय घेतलें नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. दोघेही ख्रिस्ती झाले नाहींत. जोतीरावांनीं पुढें १८७३ सालीं स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. शाळा मात्र त्यांनीं घेतली, आणि ती घेतांना तिच्यांत एक मोठी भर घातली. परदेशची अविवाहित बाई मुली शिकविते, याकडे ‘त्यांची रीत’ म्हणून लोकांस कानाडोळा करतां येत होता. आपल्या आळींतली सून हातांत पुस्तक घेऊन शिकवावयास निघाली, तेव्हां तें आपल्या रीतीवरचें संकट ठरलें. म्हणूनच मडमेच्या वांट्यास संशय आला, आणि सावित्रीबाईंच्या वांट्यास शेणमाती व घराबाहेर पडणें आलें. गुरूपेक्षां शिष्येस अधिक किंमत द्यावी लागली, हें येथें मोकळेपणानें म्हटलें पाहिजे. त्यानें गुरूस कमीपणा येत नाहीं.

या परंपरेची तिसरी पायरी तर याहून विलक्षण आहे. अमेरिकन मिशननें १८४२ सालीं नगरास ‘ज्ञानोदय’ नांवाचें पत्र सुरू केलें होतें. त्याच्या १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत महार-मांगांच्या दुःखांविषयीं एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता नांवाची मांग जातीची १४ वर्षांची मुलगी. फुल्यांच्या शाळेंत तीन वर्षें शिकलेली. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिनें त्या निबंधांत थेट देवासच विचारला आहे. मराठी गद्यांत एका दलित मुलीचा आवाज असा स्वच्छ व निर्भय उमटला, तो येथें. नगरास फॅरारबाई तेव्हां साठीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि शिकवीत होत्या.

मिशनच्या शाळेंतील प्रश्नोत्तरीची रीत वाचकांस ठाऊक असेल. प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेलें. मुलानें पाठ करावें व म्हणून दाखवावें. ज्या शाळांतून अशीं तयार उत्तरें देण्यांत आलीं, त्यांच्याच नातींतल्या एका शाळेंतून अवघ्या काहीं वर्षांत एक मुलगी उठली आणि तिनें तयार उत्तर नसलेला प्रश्न विचारला. शिक्षणाचा सारा इतिहास आम्हांस या एका गोष्टींत दिसतो. शिक्षक उत्तर देण्याच्या हेतूनें येतो. परंतु अक्षर एकदां हातीं दिलें म्हणजे तें कोणत्या प्रश्नासाठीं वापरावें, हें ठरविणें त्याच्या हातीं राहत नाहीं. फॅरारबाईंना जें पीक हवें होतें, तें थोडेंच आलें. जें आलें, तें त्यांनीं पेरलेल्याहून निराळें होतें आणि दुसऱ्याच्या शेतांत आलें. पण नांगर कोणाचा चालला होता, हें विसरून कसें चालेल?

१८६२ च्या जानेवारींत फॅरारबाई नगरास वारल्या. मुंबईचें विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं. त्याची पदवी घेतलेली एकही स्त्री त्यांना पाहावयास मिळाली नाहीं. पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली ती १८८४ सालीं. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या त्या १८८६ सालीं. यांपैकीं कांहींच त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हतें. त्यांना दिसलें तें एवढेंच, कीं शाळा अजून भरते.

आणि योग असा, कीं त्याच जानेवारींत देवराष्ट्रे गांवीं एका घरंदाज कुटुंबांत एक मुलगी जन्मली. तिच्या माहेरीं मुलींना लिहितां-वाचतां येऊं देण्याची चाल नव्हती. त्याच पुढें रमाबाई रानडे झाल्या. १८७३ सालीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनीं त्यांना शिकविलें, आणि इंग्रजीसाठीं एक परदेशी शिक्षिका ठेविली. ती बाई शिकवून गेली म्हणजे रमाबाईंनीं स्नान केलें पाहिजे, असा घरच्या वडील बायकांचा आग्रह असे. रमाबाईंनीं हें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे.

तें वाचलें कीं आम्हांस आमच्याच वर्गांतला तो प्रसंग आठवतो. विद्या घ्यावयाची आणि देणारीचा स्पर्श धुऊन टाकावयाचा, हें आमच्या घरांत एके काळीं पाण्यानें केलें जात असे. आतां आम्ही सुशिक्षित झालों. पाणी लागत नाहीं, नांव न घेतलें म्हणजे तेवढेंच काम होतें. तीस वर्षें आम्हीं वर्गांत तें नांव घेतलें नाहीं, याचें कारण विस्मरण नव्हतें. फॅरारबाईंचें नांव काढलें तर कोणी म्हणेल, धर्मांतरास आलेल्या बाईचें कौतुक कशाला? दुसरा म्हणेल, सावित्रीबाईंचें श्रेय परक्यास देतां? अशा दोन्ही बाजूंच्या भिडेनें आम्ही गप्प राहिलों, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. भीड ही इतिहासकाराची वाईट सोबतीण.

या दोन्ही आक्षेपांस आमचें उत्तर थोडक्यांत असें. कृतज्ञता म्हणजे दीक्षा नव्हे. ज्यानें आपणांस अक्षर दिलें, त्याच्या देवाचा स्वीकार न करतां त्याचें ऋण मान्य करतां येतें. फुले दांपत्यानें आपल्या आयुष्यानें हेंच दाखविलें. आणि सावित्रीबाईंच्या गुरूचें नांव घेतल्यानें त्यांचें श्रेय कमी होत नाहीं. उलट, दुसऱ्याच्या दिव्यावर आपला दिवा लावून तो त्या वाऱ्यांत त्यांनीं विझूं दिला नाहीं, हें मग अधिक स्पष्ट दिसतें. दिव्यावर दिवा लावल्यानें पहिल्याचा प्रकाश उणा होत नाहीं, ही गोष्ट आमच्या आजीस शाळेंत न जातांही ठाऊक होती.

येत्या ३ जानेवारीस आमच्या सभागृहांत पुनः हार येतील, भाषणें होतील. आम्हांसही बोलावयास सांगितलें आहे. आम्ही सावित्रीबाईंविषयींच बोलूं. पण आरंभीं त्यांच्या गुरूचें नांव घेऊं. तें पुरतें घेऊं, जन्मगांवासह, आणि दुसऱ्या खेपेस परत येण्याच्या त्या वर्षासह. मग मागल्या बाकावरच्या त्या मुलीस जवळ बोलावून सांगूं, कीं तिचें उत्तर बरोबर होतें. फक्त त्यांतला ‘कोणी’ हा शब्द तेवढा वगळावा.